फंडाचा अंदाज

बी.कॉम. झाल्यावर मी बँकेची परीक्षा दिली आणि निकालाची वाट पाहत घरी बसले. घरी बसणं माझ्या स्वभावात नाही. मी रिकामी असले की भांडी जास्त आपटतात, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. त्यामुळे गावातल्या मच्छीमार संस्थेला सचिव पाहिजे असं कळल्यावर मी कोणाला न विचारता ढीवर मोहल्ल्यात जाऊन उभी राहिले. आधीचे सचिव शाळेतले गुरुजी होते, त्यांची बदली धानोऱ्याला झाली होती. आम्ही बौद्ध, आमची घरं गावाच्या दुसऱ्या टोकाला. ढीवर मोहल्ल्यात मी तोवर मासोळी विकत घ्यायलाच गेलेली.

संस्थेचे अध्यक्ष सत्तरीचे होते. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. त्यांनी माझ्या पदवीच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोहता येते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग पाळीवरच बसत जाजो. कागद ओले करू नोको."

एवढ्यावर मला नोकरी लागली. पगार नावापुरता आणि आठवड्याला एक मासोळी, तीही भाऊंच्या मर्जीची. पण खुर्ची होती, संस्थेचा शिक्का होता, आणि मी तेवीस वर्षांची होते, त्यामुळे मला वाटायचं की आता या लोकांना चार गोष्टी शिकवणं हे माझं काम आहे.

संस्थेपुढे तेव्हा एकच मोठी काळजी होती. गावचा तलाव पंचायतीचा. त्याचा मासोळीचा ठेका पाच वर्षांसाठी लिलावात जायचा, आणि आमचा ठेका पुढच्या उन्हाळ्यात संपत होता. या खेपेला चंद्रपूरकडचा एक ठेकेदार बोली लावणार अशी पक्की बातमी होती. त्याच्या गाड्या होत्या, बर्फाच्या पेट्या होत्या. ठेका त्याच्याकडे गेला असता तर ज्या तलावात आजा-पणजांनी जाळी टाकली तिथं आमच्या ढीवरांना रोजीवर उतरावं लागलं असतं. म्हणून संस्थेनं दर हंगामात थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. ते सावली या तालुक्याच्या गावी बँकेत होते, बँक देईल तेवढ्या व्याजावर. मी हिशेब मांडून पाहिला, तर लिलावाच्या दिवशी ते थोडे कमीच पडणार असं दिसत होतं.

नेमका त्याच सुमारास सफारी सूट घातलेला एक एजंट आला. सावलीच्या बँकेबाहेर मला गाठून त्यानं एक गुळगुळीत पत्रक हातात दिलं. एक नवा फंड निघाला होता. लोकांचे पैसे गोळा करायचे आणि ते नगरपालिकांच्या कर्जरोख्यांत घालायचे. नगरपालिका त्या पैशातून नळयोजना करणार, बाजार बांधणार, आणि दरवर्षी व्याज देणार. पत्रकात पाच शहरांची यादी होती आणि व्याजाचा आकडा बँकेपेक्षा चांगला होता. "नगरपालिका कधी पळून जाते का, मॅडम?" तो म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं होतं. मी तिथल्या तिथे विरघळले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मासिक सभा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली भरायची. मी उभी राहून पत्रक वाचून दाखवलं, व्याजाचा फरक सांगितला, आणि सगळे पैसे फंडात टाकावेत असा ठराव स्वतःच लिहूनही आणला होता. मग भाऊ म्हणाले, "अंदाज कोनं घेतला याचा?"

हे अंदाज घेणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. लिलावाआधी आमचे ढीवर तलावाचा अंदाज घेतात. पाण्यात किती मासोळी आहे हे पाण्यावरून दिसत नाही, मग बोली कुठवर चढवायची? तर एक जण चार ठिकाणी फेकजाळं टाकतो, आलेली मासोळी मोजतो, वजन हातानंच बघतो आणि परत सोडतो. दुसरा पाणी सोडायच्या तोंडाशी उतरून पायानं गाळ किती साचला ते पाहतो. तिसरा पाण्याकडे बघतही नाही, तो बाजारात जातो आणि मासोळी निघेल त्या महिन्यात भाव काय असेल ते हुडकतो. नंतर तिघंही पाठीमागे हात घेऊन मुठीत खडे धरतात. नऊ खडे म्हणजे भरलेला तलाव. एकदम मुठी उघडायच्या, म्हणजे कोणी कोणाचं पाहून बदलायचं नाही. आणि तिघांत ज्याचे खडे सर्वांत कमी, त्याचाच अंदाज धरायचा. आमच्या गावात हा दस्तूर कोणी मोडलेला मी ऐकला नव्हता.

"भाऊ, हा तलाव नाही," मी म्हणाले. "हे रोखे आहेत. कागद आहे."

"कागद बी कोन्या तं पान्यातूनच निंगते ना," भाऊ म्हणाले.

तेव्हा बाई पुढे सरकल्या. बाई म्हणजे भाऊंची धाकटी भावजय. डोक्यावर पाटी घेऊन त्या तीस वर्षं बाजार करत होत्या, आणि बाजारभावाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाचं चालत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "पोरी, लिलावाच्या दिवशी आपल्याले पैसे पायजे. त्या दिवशी हा कागद कितीले इकला जाइन?"

मी पत्रकाच्या मागची बारीक अक्षरं तोवर नीट वाचली नव्हती. आता वाचली. फंड परत विकताना त्या दिवशीचा भाव मिळेल, असं त्यात होतं. भाव बदलतो तो का, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, म्हणून मी ऐटीत सांगायला लागले. समजा आपला रोखा शंभराला वर्षाचे दहा देतो. उद्या बाजारात नवे रोखे बारा द्यायला लागले, तर आपला जुना शंभराला कोण घेईल? भाव उतरवूनच विकावा लागेल.

"हात्तीच्या!" बाई म्हणाल्या. "म्हंजे कालची मासोळी. आजची ताजी आली का कालची अर्ध्यात द्या लागते. नासली नाई, वास नाई, तरी बी."

दोन वर्षं अर्थशास्त्राच्या सरांनी जे समजावलं आणि अर्ध्या वर्गाला समजलं नाही, ते बाईंनी एका दमात सांगून टाकलं. मला कौतुक वाटायला पाहिजे होतं. पण मला रागच आला, कारण सभा हसली आणि ती माझ्या फंडाला हसतेय असं मला वाटलं.

शेवटी ठरलं की फंडाचा अंदाज रीतसर घ्यायचा. यादीतल्या पाच शहरांपैकी एक आमच्यापासून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं होतं. त्याचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं आता सुखात असतील. भाऊ, बाई आणि मी, तिघं निघालो. भाऊंनी काखेत पिशवी घेतली होती. त्यात भाकरी असेल असं मला वाटलं.

स्टँडवर उतरल्याबरोबर बाई म्हणाल्या, "मी जकात नाक्यावर बसून येतो," आणि निघून गेल्या. तेव्हा नगरपालिकेचं खरं उत्पन्न म्हणजे जकात, शहरात येणाऱ्या मालावरचा कर. हे बाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना फक्त एवढं माहीत होतं की शहरात पाटी घेऊन शिरताना पैसे कोण मागतं.

भाऊंना बाहेर बसवून मी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. मागची कर्जं वेळेवर फेडली का, एवढंच मला विचारायचं होतं. टेबलामागच्या बाबूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अर्ज करा म्हणाला. कोणाकडे करू, तर साहेबांकडे. साहेब कुठे, तर दौऱ्यावर. मी तिथं चांगलाच आवाज चढवला. पंखा फिरत राहिला आणि बाबू सुपारी कातरत राहिला.

तणतणत बाहेर आले तर भाऊ गायब. शोधत शोधत शहराच्या तलावाशी पोचले आणि पाहते तो काय, भाऊ धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे. पिशवीत भाकरी नव्हती, फेकजाळं होतं! पहिलं जाळं टाकून झालं होतं आणि काठावरच्या गवतात चार चांगले दणदणीत रोहू उड्या मारत होते.

"पोरी," भाऊ खुशीत ओरडले, "पक्की हाय तुही नगरपालिका! पानी पाह्य कसं हाय. ज्याचा तलाव असा, त्याले काय धाड भरली हाय?"

मलाही ते पटलं, हे विशेष. आमच्याकडे गावचा तलाव म्हणजे पंचायतीचा, मग शहराचा तलाव म्हणजे नगरपालिकेचाच असणार, यात शंका घ्यावी असं पदवीधर असूनही माझ्या डोक्यात आलं नाही. भाऊ दुसरं जाळं टाकणार तेवढ्यात खाकी कपड्यातला एक चौकीदार काठी आपटत आला. आता हा पोलिसात नेतो की काय, असं मला वाटलं. मी घाईघाईनं संस्थेचा शिक्का काढला. का काढला, ते मला आजही सांगता येणार नाही.

चौकीदार शिक्क्याकडे न बघता मासोळीकडे बघत होता. "कोन्या गावचे तुमी?" त्यानं विचारलं.

"आमी नगरपालिकेचा अंदाज घेऊन राह्यलो," भाऊ म्हणाले, अगदी सरळ तोंडानं.

"मंग इथी काऊन घेऊन राह्यले? हा तलाव पाटबंधारेवाल्याइचा हाय. नगरपालिकेचा नुसता हा बाजूचा बगीचा." त्यानं काठीनं दाखवलं. बगीचा म्हणजे एक मोडकी घसरगुंडी आणि बसलेल्या दोन म्हशी. "अन् मी बगीच्याचा. यातली एक मासोळी देऊन जाता का, भाऊ? तीन महिने झाले, पगार नाई."

भाऊंनी जाळं गुंडाळलं. एक नाही, चारही रोहू त्यांनी चौकीदाराला देऊन टाकले. तो इतका खूश झाला की आम्हाला स्टँडपर्यंत पोचवायला आला आणि वाटेत त्यानं नगरपालिकेची सगळी कुंडली मांडली, जी मला अर्ज करून वर्षभरात मिळाली नसती. रोख्यांचं व्याज मात्र आधी काढून ठेवतात, पगार मागून, असंही तो म्हणाला. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, कारण मला सोयीचं तेवढंच होतं.

स्टँडवर बाई शेंगा खात बसल्या होत्या. "नाक्यावर बेज्या गर्दी हाय," त्या म्हणाल्या. "पर मांगच्या बाजूनं कच्चा रस्ता हाय. दहा टरक आले तं चार तिकून गेले. म्या सोता तिकून किती डाव पाटी नेली, मले नाई मालूम का?"

येताना बसमध्ये भाऊ आणि बाई तलाव कोणाचा यावरून पोट धरून हसत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांना सांगितलं की एका शहरावरून पाचांचं ठरवता येत नाही, पाच शहरांत पैसे वाटलेत ते याचसाठी की एक आटलं तर बाकीची आहेत. भाऊंनी ते नीट ऐकून घेतलं. "हे बराबर हाय," ते म्हणाले. "पर त्या चार ठिकानी आपन जाळं टाकलं नाई."

पुढच्या सभेत खडे झाले. मुठी उघडल्या. माझ्या मुठीत नऊ. बाईंच्या मुठीत एक. भाऊंच्या मुठीतही एकच.

दस्तुराप्रमाणे पैशाच्या नऊ हिश्श्यांपैकी एकच फंडात जायला पाहिजे होता. मी वही उघडून, दात ओठ खात, तसं लिहायला लागले. तेव्हा भाऊ म्हणाले, "तीन लिव."

सभेत गलका झाला. बाई तर उभ्याच राहिल्या. "भाऊजी, दस्तूर मोडता का?"

"मोडतो," भाऊ म्हणाले. "तीन."

म्हातारा माझ्या बोलण्यानं वळला, असा अर्थ मी काढला आणि घरी जाऊन आईला तसं सांगितलंही. सहा हिस्से बँकेत राहिले याचं मात्र मला वाईट वाटत होतं. पुढचे कित्येक महिने मी सावलीला गेले की चहाच्या टपरीवर पेपर मागून फंडाचा भाव बघायचे. भाव दोन पैशांनी वर गेला की मी सायकल जोरात चालवत यायचे आणि पाळीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे.

मग पंचायतीनं लिलाव आधीच घ्यायचं ठरवलं. उन्हाळा सोडून होळीच्या आधी. फंड विकायची वेळ झाली म्हणून सोमवारी सावलीला गेले, पेपर उघडला आणि टपरीच्या बाकावर बसूनच राहिले. भाव खाली आला होता. नगरपालिका बुडाल्या नव्हत्या, व्याज पै न् पै वेळेवर आलं होतं. चौकीदाराचं म्हणणं खरंच होतं. झालं एवढंच की नवे रोखे जास्त व्याजाचे निघाले होते आणि आमचे रोखे कालची मासोळी झाले होते. आम्ही नाका मोजला, तलाव मोजला, म्हशी मोजल्या, आणि जे बुडवायला आलं ते बाईंनी पहिल्याच दिवशी बसल्या जागी सांगितलं होतं.

तो पेपर मी विकत घेतला आणि पिशवीत तळाशी घातला. सोमवारी कोणाला काही बोलले नाही. मंगळवारी पाळीवर गेले, हजेरी लिहिली, परत आले. उद्या भाव चढेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. ठेका गेला तर माझ्यामुळे गेला, असं गाव म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. आईनं विचारलं, दोन दिवस झाले भांडी शांत कशी? तेव्हा मला रडू आलं. बुधवारी मी पेपर घेऊन भाऊंकडे गेले. सगळ्या मोहल्ल्यासमोर तारखेपासून भावापर्यंत सगळं वाचून दाखवलं, किती तोटा झाला ते सांगितलं आणि ती माझी चूक आहे असंही म्हणाले. बाईंनी मला पाणी दिलं.

फंड विकला. आले तेवढे पैसे घेऊन आम्ही लिलावाला बसलो. ठेकेदार आला होता, बूट घालून. बोली चढत गेली. भाऊंनी तलावाचा अंदाज आधीच घेतला होता आणि कुठवर जायचं ते ठरलेलं होतं. माझ्या तोट्यानं ती हद्द थोडी खाली आली होती, पण थोडीच. एका गोल आकड्याशी ठेकेदार थांबला आणि आपल्या माणसाशी कुजबुजला. भाऊंनी त्या आकड्यावर आमच्याकडे उरलं होतं ते सगळं लावलं. ते फार नव्हतं. ठेकेदारानं नकाराची मान हलवली आणि उठला. ठेका आमचाच राहिला.

ढीवर मोहल्ल्यात त्या दुपारी जो आरडाओरडा झाला तो नदीपलीकडेही गेला असेल. तलावात सोडायला मासोळीचं बीज घ्यायला पैसे उरले नव्हते. ते बायकांनी आसपासच्या बोड्यांतून, म्हणजे छोट्या तळ्यांतून, घागरींनी पिल्लं आणून भागवलं. मीही चार घागरी आणल्या आणि त्यातली एक वाटेत फोडली.

गडबड ओसरल्यावर भाऊ एकटे जाळं विणत बसलेले दिसले. माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. मी त्यांच्यासमोर बसले.

"भाऊ, तुमच्या मुठीत एकच खडा होता. मग तीन हिस्से का टाकले?"

"एक फंडाचा," भाऊ सुईवरून डोळे न काढता म्हणाले. "दोन तुये."

मला कळेना.

"तीन बुडाले असते तरी बोली लावता येत व्हती. चार बुडाले तं नाई. म्हनून तीन." त्यांनी गाठ मारली. "कागदाचा अंदाज तं बाईनं देल्ला. तुया अंदाज कोन घेनार? पाच वर्साचा हिशोब तुया हाती द्याचा व्हता. पान्यात किती मासोळी हाय, थे जाळं टाकल्याबिगर समजत नाई."

मला आधी राग आला. मग हसू आलं. ते लपवायला मी भांडल्यासारखं विचारलं, "मग आता टाकायचे असते तर माझे किती टाकले असते?"

भाऊंनी जाळं मांडीवर ठेवलं. त्यांनी खरोखर विचार केला. गंमत म्हणून आकडा सांगणारा तो माणूस नव्हता.

"सात," ते म्हणाले.

"नऊ का नाही?"

"पेपर सोमवारचा व्हता, पोरी. सांगतलं बुधवारी. तारीख तूच वाचून दाखवली."

नंतर बँकेत लागले. कर्ज मागायला आलेल्या किती तरी माणसांचा अंदाज घ्यायचं काम मी आयुष्यभर केलं. त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन आईला सांगितलं की मला नऊपैकी सात मिळाले, आणि ते दोन कुठे गेले तेही सांगितलं.